मध्यमवयातील मेद आणि नित्याचे ताट



राजघाटाच्या पायऱ्या तापीकडे उतरताना कोणालाही आपले वय जाणवत नाही. स्नान किंवा दर्शन उरकून पुन्हा वर चढताना ते जाणवते. विशीतला मुलगा दोन-दोन पायऱ्या एकदम ओलांडून वर पोहोचतो. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ मध्येच थांबतो, मागे वळून नदीच्या पात्राकडे पाहतो, आणि तो देखावा पाहण्यासाठीच आपण थांबलो असे सोबत्याला भासवतो. सोबतीही त्याच वयाचा असल्यामुळे तोही तितक्याच तत्परतेने देखाव्याचे कौतुक करतो. हृदयाचे वा फुफ्फुसांचे दुखणे नसेल, तर या थांबण्याचे कारण पुष्कळदा कमरेभोवती असते. गेल्या वीस वर्षांत ते इतके हळू साठत आलेले असते की, ते केव्हा आले हे त्या गृहस्थास सांगता येत नाही.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून पोटाविषयी बोलणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु मराठी ग्रंथव्यवहाराने स्वयंपाकघराला कधी परके मानलेले नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या पुस्तकांनी पदार्थ कसा करावा हे पिढ्यान्‌पिढ्यांना शिकविले. किती खावे, हा प्रश्न मात्र त्या परंपरेत फारसा उपस्थित झाला नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. ‘सूपशास्त्र’ निघाल्यानंतर वर्षभरातच १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ पडला. पुढे १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा. ‘रुचिरा’ बाजारात येऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला सुकडी आणि मिलो खावयास लावली. ज्या समाजाला पुढच्या वर्षीच्या धान्याची शाश्वती नव्हती, त्याने ‘पोटभर जेव’ हा आशीर्वाद मानला यात नवल नाही. पानात टाकू नये, पाहुण्याला आग्रह करावा, मिळेल तेव्हा दोन घास अधिक खावेत, हे सारे संस्कार टंचाईच्या पोटी जन्मले. आज टंचाई ओसरली आहे. संस्कार मात्र जसेच्या तसे उरले आहेत. मध्यमवयीन मराठी माणसाच्या मेदवृद्धीचा विचार येथून सुरू करणे अधिक न्यायाचे ठरेल. त्याला खादाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

वय वाढले की शरीराची चूल मंदावते आणि त्यामुळे अंगी मेद चढतो, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. तिच्यात मोठा दिलासा आहे, कारण ती मान्य केली की ताटाकडे पाहण्याची जरूरच उरत नाही. दुर्दैवाने ती खरी ठरलेली नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँटझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणतीस देशांतील सहा हजार चारशेहून अधिक माणसांच्या ऊर्जाव्ययाची मोजणी प्रसिद्ध केली. आठ दिवसांच्या अर्भकापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांची माणसे तीत होती. मेद वगळून उरणाऱ्या देहभाराच्या हिशोबाने पाहिले असता, विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. मंदावणे सुरू होते ते साठीनंतर. तेव्हा चाळीस-पन्नाशीत बदलते ते जगण्याचे वळण. सायकल जाऊन स्कूटर येते, दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर बैठक लांबते, स्नायू वापराअभावी झिजतात आणि हाताशी पैसा आल्यामुळे खाण्याचे प्रसंग वाढतात. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या सुमारास मेद मांड्यांकडून पोटाकडे सरकतो, ही भर निराळी. वर्षाला अवघा अर्धा किलो वाढला तरी तिसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत दहा किलो होतात. अर्धा किलो वर्षभरात कोणाच्या लक्षात येणार?

भारतीय देहाची यात आणखी एक अडचण आहे आणि तिचा शोध पुण्यात लागला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. म्हणजे रूढ कोष्टकाप्रमाणे दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के भरले आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या कातडीखाली आणि आतड्यांभोवती दुपटीहून अधिक मेद दडलेला असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती माता आणि त्यांची बालके यांचा जो अभ्यास चालविला, त्यात हे वळण जन्मतःच दिसून आले. वजनाने लहान, स्नायूंनी कृश, तरीही मेद राखून असलेली अशी ती अर्भके. अर्धपोटी राहिलेल्या मातांच्या उदरी वाढलेला देह पुढील टंचाईची तरतूद करूनच जन्माला येतो, असा याचा एक अर्थ लावला जातो. संस्कारांप्रमाणे देहानेही टंचाई ध्यानात ठेवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

याच कारणाने भारतीयांसाठी मर्यादा कडक ठेवाव्या लागल्या. २३ च्या वर निर्देशांक गेला की वजन अधिक आणि २५ च्या वर स्थूलता, असे २००९ मध्ये भारतीय वैद्यकतज्ज्ञांनी ठरविले. कमरेची मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर, स्त्रीला ८०. ज्यांच्या घरी शिंप्याची फीत नाही त्यांनी आपल्या उंचीएवढी सुतळी घेऊन ती दुमडावी. ती अर्धी सुतळी कमरेभोवती पुरली तर ठीक, न पुरली तर विचार करावा. १५ ते ४९ वयोगटाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ वा त्याहून अधिक निर्देशांकाच्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के आढळले. शहरी स्त्रियांत तर हे प्रमाण ३३ टक्क्यांवर होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत आणि मधुमेह ११.४ टक्क्यांत दिसला. मुद्दा सौंदर्याचा असता तर त्यासाठी व्याख्यानाची गरज नव्हती. पण पन्नाशीत आलेला मधुमेह डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांचा ताबा हळूहळू घेतो, आणि घरातला कर्ता माणूस किंवा घर सांभाळणारी बाई त्यात अडकली की सारे घर अडकते.

आता बऱ्हाणपूरच्या मराठी घराकडे वळावे. हे घर दोन खाद्यसंस्कृतींच्या सांध्यावर उभे आहे. खानदेशची ज्वारीची आणि कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वरण-बट्टी, शेवभाजी आणि खापरावरची पुरणपोळी ही त्याच्या माजघरातली दौलत. दारात मात्र माळव्या-निमाडचे पोहे, त्यांच्यासोबतची जिलेबी, मूठमूठ शेव आणि गावचा दराबा. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी तर इतकी नामांकित की मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यावरही ती याच गावाच्या नावाने विकली जाते. दोन्हीकडचे घेण्यात या घराने कसूर केलेली नाही. सकाळी माळवा, दुपारी खानदेश, सायंकाळी पुन्हा माळवा आणि रात्री उशिरा पुन्हा खानदेश, असा दिनक्रम होतो. पूर्वीच्या शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या घरी न्याहारी, जेवण आणि रात्रीचे जेवण एवढेच प्रसंग होते. त्यांच्या मध्ये चहा आला, चहासोबत बिस्किट आले, चारच्या चहासोबत चिवडा आला, रात्री दूरदर्शन संचापुढे काहीतरी तोंडात टाकण्याची सवय आली. यातील एकही प्रसंग ‘जेवण’ म्हणून मोजला जात नाही. डॉक्टरांनी विचारले की गृहस्थ प्रामाणिकपणे सांगतो, ‘दोनच वेळा जेवतो हो, तेही बेताने.’ तो खोटे बोलत नसतो.

या न मोजलेल्या खाण्याचा थोडा हिशोब मांडणे उद्बोधक ठरते. दिवसाला चार कप चहा आणि दर कपात दोन लहान चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम. तिचे उष्मांक एकशे साठ. वर्षाची साखर भरते साडेचौदा किलोंहून अधिक.  मूठभर, सुमारे तीस ग्रॅम, शेवेत दीडशेच्या वर उष्मांक असतात, म्हणजे एका लहान भाकरीएवढे. भाकरी खाल्ल्याचे मनाला ठाऊक असते, शेव खाल्ल्याचे नसते. चार माणसांच्या घरी महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज सुमारे अडतीस ग्रॅम तेल पोटात जाते आणि त्याचेच तीनशे चाळीस उष्मांक होतात. केळ्याची गोष्ट तर या जिल्ह्याला विशेष लागू. एक मध्यम केळे शंभर उष्मांकांच्या आसपास असते आणि ते खाऊन पोटाला आधार वाटतो. त्याच केळ्याचे काप तळले की वजनास वजन उष्मांक पाचपट होतात, आणि पुडी फोडल्यावर ती रिकामी होईपर्यंत हात थांबत नाही. बागेतल्या केळ्याला मधुमेहाच्या भीतीने वाळीत टाकणारे आणि तळलेल्या कापांना ‘फराळी’ म्हणून अभय देणारे कुटुंब विरळा नाही.

‘फराळी’ शब्दावरून उपवासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केलेली टीका आहे. साबुदाणा म्हणजे कंदाचे निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप पडले की उपवासाचा दिवस हा आठवड्यातला सर्वांत जड आहाराचा दिवस होऊन बसतो. पूर्वजांनी पोटाला विश्रांती देण्याची जी युक्ती योजली होती ती अशी तळणीत गेली.

घरातील स्त्रीच्या वजनाचे कारण मात्र याहून निराळे असते आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ती सर्वांच्या शेवटी जेवते. पातेल्यात उरलेला भात, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, वाटीतली चार चमचे भाजी यांचा निकाल लावण्याचे काम तिच्याकडे आलेले असते. अन्न टाकणे पाप, ही शिकवण तिने इतरांपेक्षा अधिक निष्ठेने पाळलेली असते. भूक असो वा नसो, ती भांडी रिकामी करते आणि त्याला स्वतःचे जेवण म्हणत नाही. पुढे वजन वाढले की ‘घरी बसून खाते’ हा शेराही तिच्याच वाट्याला येतो. हा अन्याय आहे आणि आहाराच्या कोणत्याही छापील तक्त्यात त्याचा इलाज लिहिलेला नसतो.

नित्याचे अन्न बदलून वजन उतरविल्याची पहिली गाजलेली कैफियत एका लंडनवासी गृहस्थाची आहे. विल्यम बँटिंग हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक. राजघराण्याच्या अंत्ययात्रांचे कामही त्याच्या घराण्याकडे असे. पासष्टीच्या घरात त्याचे वजन २०२ पौंड झाले, म्हणजे ब्याण्णव किलोंच्या आसपास, आणि उंची पाच फूट पाच इंच. बुटाचे बंद बांधण्यास त्याला वाकता येईना. नाव वल्हविण्याचा व्यायाम केला तर भूक वाढली आणि भुकेने वजन वाढले. शेवटी कानाने कमी ऐकू येते म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या कर्णवैद्याकडे गेला. या वैद्याने पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकलेली होती. त्याने बँटिंगला पाव, साखर, बीअर, बटाटे, दूध व लोणी सोडावयास सांगितले. ऑगस्ट १८६२ पासून वर्षभरात त्याचे ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ एकवीस किलो, वजन उतरले आणि कानही सुधारला. आनंदाच्या भरात त्याने १८६३ मध्ये स्वखर्चाने एक पुस्तिका छापून फुकट वाटली. तिची इतकी ख्याती झाली की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापद बनले. त्याच्या आहारात मांस आणि मद्य पुष्कळ होते, म्हणून तो जसाच्या तसा मराठी घरी आणता येणार नाही. त्या पुस्तिकेचे मोल निराळे आहे. आपल्या वेदनेचे कारण रोजच्या ताटातील अत्यंत निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूंत आहे, हे एका सामान्य माणसाने ओळखले आणि लाज न बाळगता लिहून काढले. तो १८७८ पर्यंत, एक्क्याऐंशी वर्षे जगला.

मराठी मुलखात हे काम व्याख्यानांनी केले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांची कीर्ती त्यांच्या पदव्यांमुळे आणि १९८० मध्ये पंचविशीतच मिळविलेल्या आमदारकीमुळे झाली. परंतु वैद्यकाचे पदवीधर असलेल्या जिचकारांनी वजन घटविण्यावरही व्याख्याने दिली, ही गोष्ट त्यामानाने उशिरा लोकांपुढे आली. खाण्याच्या प्रत्येक प्रसंगी शरीरात इन्शुलिन स्रवते आणि ते मेद साठविण्यास साह्य करते. म्हणून काय खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या व्याख्यानाने प्रभावित झालेले लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो प्रयोग प्रथम स्वतःवर केला. तीन महिन्यांत त्यांचे आठ किलो वजन घटले. पुढे ते गावोगाव बोलू लागले. खरी भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखाव्यात, त्या वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवावे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांपलीकडे काही घेऊ नये आणि रोज पंचेचाळीस मिनिटे झपझप चालावे, एवढाच त्यांचा उपदेश. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात असे गाव राहिले नसेल जिथे या ‘दोन वेळां’ची चर्चा झाली नाही. त्याच काळात आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे मत नेमके उलट दिशेचे होते: दर दोन-अडीच तासांनी थोडे खावे, तूप-भाताला भिऊ नये, आजीच्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवावा. घराघरांत दोन तट पडले. एकाच जेवणाच्या मेजावर सासरे दोन वेळांचे आणि सून सहा वेळांची, असा देखावा दिसू लागला.

या वादाचा निकाल एका वाक्यात देता येत नाही, तरी काही पुरावा उपलब्ध आहे. प्राग येथे चोपन्न मधुमेही रुग्णांना समान उष्मांकांचा, गरजेपेक्षा पाचशे उष्मांक कमी असलेला आहार, बारा आठवडे दोन जेवणांत आणि बारा आठवडे सहा लहान खाण्यांत देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा वेळांनी सरासरी २.३ किलो वजन घटले आणि दोन वेळांनी ३.७ किलो. दोन वेळांच्या बाजूने हा पुरावा भक्कम दिसतो. मात्र ती दोन जेवणे होती न्याहारी आणि दुपारचे जेवण; रात्री नऊचे ताट त्यात नव्हते. दुसरीकडे, चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांचेच उष्मांक कमी केलेले होते. अर्ध्यांना मात्र सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याची मुभा होती. त्यांचे आठ किलो उतरले, इतरांचे ६.३, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य ठरला. पंचावन्न मिनिटांच्या हिशोबाला तर सर्व शास्त्रज्ञांची मान्यता नाहीच. असे असूनही हजारो मराठी माणसांना दोन वेळांच्या नियमाने गुण आला, याचे कारण बहुधा साधे असावे. त्या नियमाने न मोजलेले खाणे एका झटक्यात बंद होते. बिस्किट, शेव, प्रसादाचा पेढा, मुलाच्या ताटातील उरलेली पोळी, कचेरीतला वाढदिवसाचा केक यांतील प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याचे निमित्त त्या माणसाला मिळते. ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ म्हटले की आग्रह करणाराही रागावत नाही. आणि दिवेकरांच्या मार्गाने ज्यांना गुण आला त्यांनीही पुडीतले सोडून घरचे खाण्यास आरंभ केला होता, हे विसरता कामा नये.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. गर्भवती स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांना असले नियम लावू नयेत.

नियम पाळण्याचा उत्साह पहिल्या महिन्यात अमाप असतो आणि तिसऱ्या महिन्यात काटा थबकला की तो ओसरतो. येथे एक हिशोब उपयोगी पडतो. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये असे मांडले की, रोजच्या आहारात सुमारे चोवीस उष्मांकांची कायमची कपात केली तर कालांतराने एक किलो वजन घटते, त्यातील अर्धी घट वर्षभरात आणि जवळजवळ सारी तीन वर्षांत होते. चार कप चहातील साखर निम्मी केली तर ऐंशी उष्मांक वाचतात, म्हणजे तीन वर्षांत तीन किलोंच्या वर. पाच लिटर तेलाचे तीन लिटर केले तर माणशी एकशे पस्तीसच्या आसपास, म्हणजे साडेपाच किलो. अर्थात वाचलेले उष्मांक दुसऱ्या वाटेने परत येऊ दिले नाहीत तर! दोन महिन्यांत पंधरा किलो उतरविण्याच्या जाहिरातींपुढे हे आकडे मिळमिळीत वाटतील. पण वीस वर्षे चढत आलेल्या वजनाला तीन वर्षांची मुदत फार नव्हे.

ताटात काय बदलावे याची यादी करण्याचे कारण नाही, तरी दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. ज्वारीच्या भाकरीला अलीकडे औषधाची प्रतिष्ठा आली आहे. वास्तविक ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांकांचा फरक नाममात्र आहे. भाकरी उपकारक ठरते ती तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि दोन खाल्ल्यावर तिसरीची इच्छा होत नाही म्हणून. मऊसूत, तेल लावलेल्या पोळ्या चार-पाच केव्हा होतात ते कळत नाही. चरकाचार्यांनी स्थूल माणसाला पचावयास जड पण पोषणाने हलके असे अन्न द्यावे, असे सांगून यव, श्यामाक, मूग, कुळीथ यांची नावे घेतली आहेत. त्यामागील विचार याच जातीचा दिसतो. दुसरी गोष्ट वरणाची. मराठी घरातले वरण इतके पातळ असते की त्यातून डाळ शोधावी लागते. भात-पोळी कमी करताना डाळ, उसळ, दही वाढविले नाही तर मेदासोबत स्नायूही झिजतात, आणि मध्यमवयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही. खानदेशी कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळलेला असतो, ही त्या जुन्या स्वयंपाकाची दूरदृष्टीच म्हणावयाची.

आग्रहाचे काय करावे, हा सर्वांत अवघड प्रश्न. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढप्याने बोटांच्या फटीतून जिलेबी सोडावी, ही ज्या समाजात विनोदाची आणि प्रेमाची खूण आहे, तेथे ‘नको’ या शब्दाला वजन येण्यास वेळ लागणार. काही कुटुंबांनी यावर तोडगा काढलेला दिसतो. पाहुण्यापुढे ताट वाढून न आणता भांडी मध्ये ठेवायची आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यायचे. जुन्या पिढीला यात आतिथ्याची हानी वाटते, आणि ते दुःख खरे आहे. ज्या आजीने १९७२ मध्ये स्वतः अर्धपोटी राहून पाहुण्याला वाढले, तिला नातवाचे झाकलेले पान पाहवत नाही. तिला उष्मांकांचे गणित समजावणे व्यर्थ. पुरणपोळी अर्धी करून मागणे आणि ती तिच्या हातूनच तूप घालून घेणे अधिक शहाणपणाचे.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न तर शिजविण्याआधीच सोडवावा लागतो. ‘रुचिरा’ने मराठी गृहिणीच्या हाती तराजूऐवजी वाटी दिली, आणि तीच वाटी येथे उपयोगी पडते. माणशी किती वाटी तांदूळ, किती पीठ हे एकदा ठरले आणि घरातल्या प्रत्येकाने आपण जेवायला आहोत की नाही हे सकाळी सांगितले, तर पातेल्यात चार घास उरण्याचे प्रसंग कमी होतात. तरीही उरलेच तर रात्री दहा वाजता त्या बाईने ते संपविण्याचे कारण नाही. भाकरी उरली असेल तर फडक्यात गुंडाळून ठेवावी. सकाळी ताकात कुस्करून, वर कांदा आणि थोडे मीठ घालून ती खाता येते. पोहे-जिलेबीच्या जागी ती आली तर न्याहारीचा प्रश्न त्यातच मिटतो, आणि ती कुस्करलेली भाकरी घरातल्या पुरुषानेही खावयास हरकत नसावी.